सासूबाईंची पेटी ठेवा, पण आधी रिकामी करा

प्रश्न : मी सांगलीच्या गावभागात राहते, वय ५४. घरात सासूबाईंची सागवानी पेटी आहे, १९६१ साली त्यांच्या लग्नात माहेरहून आलेली. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, पितळी कड्या आणि फुल्या. आत इरकली लुगडी, एक पैठणी, मुलांच्या कुंच्या, एक वाकळ, लग्नाचे फोटो, मोडीतले काही कागद. २०१९ च्या पुरात आम्ही ती पलंगावर चढवली होती, तरी खालचा चार बोटं भाग भिजला. तेव्हापासून कुबट वास येतो. झाकणाच्या आत सासूबाईंनी पेन्सिलीनं बरंच काही लिहिलंय, मुलांचे जन्म, कुणाला दिलेले उसने पैसे, '११-१२-६७ पहाटे भूकंप, सगळे सुखरूप' असं. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. दिवाळीच्या सुमारास आम्ही विश्रामबागला चौथ्या मजल्यावर राहायला जातोय. आमचे हे म्हणतात, दोन खोल्यांत ही धोंड कुठे ठेवणार? जुन्या वस्तू घेणारा अठरा हजार द्यायला तयार आहे. मुलगी म्हणते, सगळं स्कॅन करून कपडे प्लॅस्टिकच्या डब्यात भर. पुण्याच्या वन्सं म्हणतात, आईची पेटी विकायची नाही, पण त्यांच्याकडे जागा नाही. मी मात्र अजूनही महिन्यातून एकदा पेटी उघडून नुसती बसते. वेडेपणा करतेय का?

उत्तर :

ताई, वेडेपणा अजिबात नाही. तुम्ही भूकंपाची ती ओळ जाता जाता लिहिलीत, मी मात्र तिथेच थांबले. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते. सांगली-साताऱ्यातली त्या वेळची माणसं अजून ती पहाट सांगतात, भांडी फडताळातून कशी पडली, अंगणात सगळे कसे कुडकुडत उभे राहिले. तुमच्या सासूबाईंनी पोरं मोजली असतील, आणि सगळं शांत झाल्यावर पेन्सिल शोधून झाकणावर दोन ओळी लिहिल्या. वहीत लिहिल्या नाहीत. वही कधीतरी रद्दीत जाते, झाकण कुठे जाणार, हे त्यांना कळत असणार.

तेव्हा माझं उत्तर आधी सांगते. पेटी विकू नका.

अठरा हजारांचा हिशेबही एकदा समोर ठेवा, म्हणजे घरात बोलताना सोपं जाईल. तुम्ही दिलेल्या मापाची पेटी, इंचभर जाडीच्या फळ्या धरल्या, तर चाळीस चौरस फूट लाकूड होतं, म्हणजे सव्वातीन घनफूट. वजन साठ किलोच्या घरात. साठ वर्षं वाळून मुरलेला साग आणि वर पितळ. गिऱ्हाईक पैसे देतोय ते याचे. तो पेटी नेईल, आतून-बाहेरून रंधा मारील, चकचकीत पॉलिश करून पुढे विकेल. त्याचा तो धंदा आहे, त्यात गैर काही नाही. पण रंधा मारला की पहिल्याच हाताला भूकंप जाईल आणि मुलांचे जन्मही जातील.

आता तुमच्या मुलीचं म्हणणं. स्कॅन जरूर करा, त्याबद्दल पुढे बोलते. प्लॅस्टिकचा डबा मात्र नको. आपल्याकडे हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, ती आत हवा जात नसल्यामुळे. त्यामुळे हवा कोंडली की वस्तू टिकते असं सांगलीकरांना सहज वाटतं. हळद खडखडीत वाळवून पेवात जाते. लुगडं तसं वाळत नाही. सुती आणि रेशमी धाग्यात थोडा दमटपणा कायमच असतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकमध्ये किंवा पत्र्याच्या ट्रंकेत तो आतल्या आत फिरतो, रात्री गार झालं की भिंतींना घाम सुटतो, आणि घडीच्या टोकांवर बुरशीचे ठिपके उठतात. लाकूड हा दमटपणा पावसाळ्यात पिऊन घेतं आणि उन्हाळ्यात सोडून देतं. आतली हवा एकदम ओली किंवा एकदम कोरडी होऊ देत नाही. घराघरांत पेट्या टिकल्या त्यामागे हे साधं कारण आहे, आणि सागाचं आणखी एक. सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, ते वाळवीला मानवत नाही. बोटानं घासलं तर जुना सागही किंचित तेलकट लागतो, आणि नवा छिललेला असेल तर चामड्यासारखा वास येतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या आईचा लग्नातला शालू मी हौसेनं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर गाठ मारून कपाटात ठेवला होता. सात वर्षांनी भाचीच्या लग्नात काढला तेव्हा जर काळी पडली होती, आणि घडी उलगडली तशी घडीच्या रेषेवर रेशीम टरकलं. आईनं तोच शालू चाळीस वर्षं लाकडी पेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात जपला होता. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पण लाकूड सगळ्यांचं सोयरं नाही, हेही नीट समजून घ्या. प्रत्येक लाकडातून बारीक आंबट वाफ कायम सुटत असते. ती नाकाला जाणवत नाही, पण कागद पिवळे पडतात, ठिसूळ होतात, फोटो विटतात. तेव्हा मोडीचे कागद आणि लग्नाचे फोटो पेटीतून आजच बाहेर काढा. त्यांची जागा कपाटात, आडव्या ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. रबरबँड, टाचण्या, स्टेपलच्या पिना असतील तर हलक्या हातानं काढा, रबर वितळून कागदाला चिकटतं आणि पिना गंजतात. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका आणि कुणी कितीही सांगितलं तरी लॅमिनेशन करू नका. लॅमिनेशन परत काढता येत नाही, काढायला गेलं तर शाई सोबत येते. फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर तेही सोडवायला हवेत, आणि निघत नसतील तर ओढू नका, अख्खं पानच फोटोसकट वेगळं करून ठेवा.

मोडीचे कागद वाचून घ्या, ताई. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारात होती, त्यामुळे आजे-पणजोबांचं खरेदीखत, हुंडी, कुणाचं तरी साधं पत्र, काहीही निघू शकतं. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो आणि त्यांचं कोल्हापूरचं पुरालेखागार तुम्हाला जवळ आहे. तिथे विचारलंत तर वाचून देणारं माणूस सापडेल. मूळ कागद कुणाच्या हाती सोपवू नका, मोबाइलवर दिवसाच्या उजेडात काढलेला सरळ फोटो द्या. मुलीचं स्कॅन इथे फार उपयोगी आहे, हे काम तिलाच द्या.

आता पुराचं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि गावभागात ज्यांच्या वस्तू पलंगावर होत्या त्यांच्याही भिजल्या. पेटी भिजली म्हणजे संपली असं नाही. इतक्या वर्षांत लाकूड वाळून गेलंय. वास येतोय तो बहुतेक तळातून येतोय. त्या काळी बाजूच्या फळ्या उत्तम सागाच्या आणि तळ मात्र हलक्या लाकडाचा, अशी रीत बऱ्याच सुतारांची होती, कारण तळ कुणी बघत नाही. पेटी रिकामी करा, आडवी घाला आणि तळ बघा. नखानं दाबल्यावर लाकूड भुसभुशीत लागतंय का? फळ्यांच्या फटीत पुराचा गाळ अडकलाय का? तो सुका गाळच दर पावसाळ्यात ओलावा धरतो आणि वास सोडतो. जुना दात घासायचा ब्रश घ्या, कोरडाच, आणि फटीफटीतून गाळ काढा. पाण्यानं धुऊ नका. मग झाकण उघडं ठेवून आठ-दहा दिवस सावलीत, वाऱ्यावर राहू द्या. कडक उन्हात नको, फळ्या तडकतात. आत्ता भाद्रपदात हे जमणार नाही, हवेतच पाणी आहे. दसऱ्याच्या पुढेमागे पाऊस उघडला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की करा.

बारीक भोकं दिसली तर घाबरू नका, भोकं जुनी असतील. पेटीखाली काळा कागद पसरून महिनाभर ठेवा. त्यावर पांढुरकं पीठ पडलं तर कीड जिवंत आहे. मग पेस्ट कंट्रोलवाल्याकडून रिकाम्या पेटीला बाहेरून आणि तळाखालून औषध मारून घ्या, आतल्या बाजूला नको. मातीच्या रेघा चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी, ती घराच्या भिंतीतून आलेली असते, आणि तुम्ही ते घर सोडताय, तेव्हा पेटी नव्या घरात नेण्याआधीच तिचा बंदोबस्त करा.

तळ कुजला असेल तर सुताराकडून बदलून घ्या, जुन्या घरांच्या मोडीतला साग मिळतो, तोच घाला. आणि सुतार घरात आला की त्याच्या शेजारी उभ्या राहा. हे मी ठासून सांगते. चांगल्या सुताराचा हात सवयीनं रंधा आणि पॉलिश पेपरकडे जातो, त्याला वाटतं ताईंना पेटी नव्यासारखी करून द्यावी. त्याला पहिल्या मिनिटाला झाकण उघडून अक्षरं दाखवा आणि सांगा, आतून कशालाही हात लावायचा नाही. तेल नाही, वार्निश नाही, रंग नाही. आतून दिलेलं तेल खवट होतं आणि कपड्यांना डाग देतं. पुराच्या पाण्याची तपकिरी रेघही राहू द्या. अक्षरांचे फोटो आधीच काढून घ्या, तिरप्या उजेडात, म्हणजे पुसट पेन्सिलही उमटते.

बाहेरून लाखेचं पॉलिश चांगलं. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापसाच्या बोळ्यानं थर-थर चढवायची असते. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांना हे काम हाताशी असतं, तिथे ओळख काढा. सुतारानं जवसाचं तेल वापरलंच, तर तेलानं भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवावी लागतात. पितळी फुल्यांना चिंच-लिंबू लावून लखलखीत करण्याचा मोहही आवरा. आंबट पाणी लाकडात उतरतं आणि फुलीभोवती काळं वर्तुळ उठतं. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, तेवढं पुरे.

कपड्यांकडे येते. पेटीच्या तळाशी आणि बाजूंना वर्तमानपत्र घातलेलं असणार, सगळ्यांकडे असतं. ते काढा. वर्तमानपत्राचा कागद सगळ्यात आंबट, महिन्यात पिवळा पडतो तो त्यामुळेच. मांजरपाट आणा, गरम पाण्यात दोनदा धुऊन त्याची खळ पूर्ण काढा आणि त्याचं अस्तर घाला. खळ काढायची कारण कसर खळीवर जगते. खळ घातलेलं लुगडं ठेवणीत ठेवणं म्हणजे कसरीला जेवायला बसवणं. तुमच्या इरकली लुगड्यांना खळ असेल तर धुऊन, खडखडीत वाळवून मगच ठेवा. पैठणी घरी धुऊ नका. ती वेगळ्या मांजरपाटात गुंडाळा, जर आतल्या बाजूला, आणि दर वेळी घडी नव्या जागी घाला. अत्तर, परफ्यूम तिच्या आसपासही नको.

डांबराच्या गोळ्या आजपासून बंद करा. हे मी कुंच्यांमुळे सांगतेय. काही बाळांच्या रक्तात एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, जन्मतः कमतरता असते, घरात कुणाला माहीतही नसतं. अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले कपडे घातले तर त्या वाफेनं तांबड्या पेशी फुटतात आणि जबर कावीळ होऊ शकते. उद्या मुलीच्या बाळाला पणजीनं ठेवलेली कुंची घालावीशी वाटेलच. तेव्हा आत्ताच त्या धुवा, आठवडाभर वाऱ्यावर ठेवा, वास पूर्ण गेल्यावर पेटीत घाला. गोळ्यांच्या जागी वेखंडाचे तुकडे आणि सावलीत चुरचुरीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला, पातळ कापडाच्या पुरचुंडीत. पाला अर्धवट ओला राहिला तर उलटा ओलावा आत जातो, एवढं जपा. यानं कीड मरत नाही, फक्त दूर राहते. खरी राखण तुमच्या हाताची. वर्षातून दोनदा, दिवाळीआधी आणि गुढीपाडव्याच्या सुमारास, सगळं बाहेर काढून वारं द्यायचं. मृग लागला की पेटी बंद, ऐन पावसात उघडायची नाही. महिन्यातून एकदा उघडून बसता ना, ते पावसाळ्यापुरतं थांबवा, बाकी आठ महिने खुशाल बसा. जी पेटी वर्षानुवर्षं उघडलीच जात नाही तिच्यातल्या वस्तू आधी जातात. तुमच्या घरात ती उघडणारं माणूस नसतं, तर मी विकायला नको म्हटलं नसतं, जिथे उघडली जाईल अशा घरी देऊन टाका म्हटलं असतं.

आणि वाकळ पेटीत ठेवू नका, ती अंगावर घ्या. जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ धुऊन वापरली तर टिकते, दडपून ठेवली की तिच्या थरांत कसर घर करते. सासूबाईंच्या हातचे टाके आहेत, तुमच्या ह्यांना आईची वाकळ थंडीत पांघरायला द्या. पेटीबद्दलचं त्यांचं बोलणं त्यानंतर थोडं बदलेल असं मला वाटतं. ते धोंड म्हणतात, पण आईला जाऊन वर्षच झालंय. काही माणसांना आईच्या वस्तू रोज डोळ्यांसमोर सहन होत नाहीत, आणि ते ती गोष्ट जागेच्या नावाखाली बोलतात. त्यांच्याशी लगेच वाद घालू नका.

वन्संना दसऱ्याला चार दिवस बोलवा. पेटी रिकामी करायची आहे तेव्हा त्या असायला हव्यात, कारण त्या वस्तूंमधलं निम्मं तुम्हाला माहीत नसेल. कुठलं लुगडं कुठल्या बारशाचं, कुंची आधी कुणाची, हे त्यांच्या तोंडून येईल. येईल तसं लिहून घ्या. प्रत्येक वस्तूसोबत मांजरपाटाची छोटी पट्टी टाका, सुती दोऱ्यानं सैल टाचून, त्यावर पेन्सिलीनं नाव, साल, प्रसंग. बॉलपेनची शाई कापडात पसरते, पेन्सिल पसरत नाही, सासूबाईंची साठ वर्षं टिकलीय ते तुम्ही बघताच आहात. आणि वन्संना जे न्यावंसं वाटेल ते आनंदानं द्या. पेटी तुमच्याकडे राहतेय, तेव्हा आतलं सगळंही तुमच्याकडेच राहिलं पाहिजे असा हट्ट नको. एखादं लुगडं पुण्याला जाऊन त्यांच्या सुनेनं नेसलं तर ते पेटीत पडून राहण्यापेक्षा बरं.

जागेचं म्हणाल तर पेटी दोन फूट उंच आहे, म्हणजे बसायला थोडी उंच, पण खिडकीखाली गादी टाकली तर बाकासारखी वापरता येते. मात्र वरची गादी चटकन उचलता येईल अशी हवी, नाहीतर उघडणं टळत जातं. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीपाशी नको, ओल झिरपते. भिंतीपासून चार बोटं सुटी ठेवा आणि खाली चार इंचांचे लाकडी ठोकळे घाला, फरशी पुसताना पाणी तळाला लागू नये. लहान पोरं येणार असतील तर झाकण आपोआप अडकणारी कडी असेल ती काढून टाका. पोरं लपायला आत शिरतात आणि आतून उघडता येत नाही. जड झाकण बोटांवर पडू नये म्हणून बाजूला एक साखळीही बसवून घ्या.

एकच काम आता लगेच करा. फ्लॅटचा दरवाजा, जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दार टेपनं मोजून या. लिफ्टमध्ये चार फूट मावली नाही तर जिन्यानं न्यावी लागेल, चार माणसं सांगून ठेवा, हमालांना ऐनवेळी वजन कळलं की घाई होते आणि कोपरे फुटतात. सुताराकडून बिजागऱ्यांचे खिळे आधी काढून घ्या आणि झाकण वेगळं न्या. त्या वाकळीतच गुंडाळा, पेन्सिलीची बाजू आतल्या अंगाला, आणि ते हमालाच्या हाती देऊ नका. तुम्ही एका टोकाला धरा, दुसरं टोक ह्यांना धरायला सांगा.